टेबलावरचा पसारा कुणाची वाट बघतोय?

प्रश्न विचारणाऱ्या ताई चार वर्षं घरून चित्रकाम करतात. पुस्तकांची मुखपृष्ठं, मुलांची पुस्तकं आणि पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंकांची रेखाटनं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: टेबल कायम भरलेलं असतं. रविवारी आवरलं तरी बुधवारपर्यंत पुन्हा तेच. घरचे म्हणतात, शिस्त नाही. मैत्रीण म्हणते, कलाकाराचं टेबल असंच असायचं, ती प्रतिभेची खूण आहे. मागच्या महिन्यात प्रकाशकाने मंजूर केलेलं एक रफ, म्हणजे पक्क्या चित्राआधीचं कच्चं रेखाटन, ऐनवेळी सापडलं नाही, पुन्हा काढावं लागलं आणि काम उशिरा गेलं. आता त्या एक मोठं कपाट घ्यायच्या विचारात आहेत. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: हा पसारा माझ्याबद्दल काय सांगतो, आणि कपाटाने फरक पडेल का?

मी बरीच वर्षं पुण्यात हेच काम करतो, आणि माझ्याकडे उमेदवारी करून गेलेल्या मुलामुलींची टेबलंही जवळून पाहिली आहेत. त्यावरून सांगतो. टेबलावरचा पसारा माणसाच्या स्वभावाबद्दल फार थोडं सांगतो. काम कुठून येतं, कुठे अडतं, कुणाच्या होकारासाठी थांबतं आणि त्याचे पैसे कधी मिळतात, याबद्दल मात्र तो पुष्कळ सांगतो. म्हणून ‘मी पसारा करणारी आहे का’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. तुमची खरी अडचण ते हरवलेलं रफ आहे. ते मंजूर झालं होतं, म्हणजे त्याचा दर्जा बदलला होता. तरी ते मंजूर न झालेल्या रफांच्या ढिगातच पडून राहिलं. आवराआवरीने हे सुटत नाही. रविवारी तुम्ही जे आवरता ते बहुधा कागदांचे कोपरे जुळवणं असतं. कागद सरळ होतात, पण कुठल्या कामाचं काय झालं हे तितकंच अंधारात राहतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. तुमचं टेबल फक्त तुमचं आहे की संध्याकाळी त्यावर मुलांचा अभ्यास होतो, हे मला माहीत नाही. दोन खोल्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर काम करणाऱ्याला मी पुढे सांगतो त्यातलं निम्मं जमणार नाही. त्याला रोज रात्री सगळं उचलावंच लागतं. तुम्ही किती काम हाताने करता आणि किती टॅबवर, यानेही फरक पडतो. आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधलं टेबल बघून वर्षभराचा निकाल लावू नये. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठीत ही परंपरा आहे, आणि आपल्या धंद्यात दिवाळीआधीचे तीन महिने वेगळेच असतात. कथा उशिरा येतात, संपादक एकाच आठवड्यात आठ रेखाटनं मागतात, त्यातलं एखादं जाहिरात आली म्हणून अर्ध्या पानाचं पाव पान होतं. त्या काळात टेबल भरलेलंच असणार.

आता तुमच्या मैत्रिणीच्या मताबद्दल, कारण ते मी तरुण मुलांकडून सारखं ऐकतो. त्याला आधार म्हणून २०१३ सालचा एक प्रयोग सांगितला जातो. मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅथलीन व्होस आणि सहकाऱ्यांनी काही जणांना आवरलेल्या खोलीत आणि काहींना पसरलेल्या खोलीत बसवलं आणि पिंगपाँगच्या चेंडूचे नवनवे उपयोग सुचवायला सांगितले. पसरलेल्या खोलीतल्यांच्या कल्पना जास्त कल्पक ठरल्या. पण त्याच अभ्यासात आवरलेल्या खोलीतल्यांनी देणगी जास्त दिली आणि खायला चॉकलेटऐवजी सफरचंद जास्त वेळा उचललं, हे कुणी सांगत नाही. आणि मुख्य म्हणजे ती खोली त्यांची नव्हती. दुसऱ्याच्या पसाऱ्यात थोडा वेळ बसणं वेगळं. ज्या पसाऱ्यात आपली देणी-घेणी, तारखा आणि दिलेले शब्द पडलेले आहेत, त्यात रोज बसणं अगदीच वेगळं.

दुसरं उदाहरण चित्रकार फ्रान्सिस बेकनचं. लंडनमधल्या रीस म्यूज या गल्लीतला त्याचा स्टुडिओ गुडघाभर पसाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. १९९२ साली बेकन गेल्यावर तो अख्खा स्टुडिओ डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला देण्यात आला. पुरातत्त्वातली माणसं बोलावून, कुठली वस्तू कुठे पडली होती याचे नकाशे काढून तो तिकडे हलवला आणि २००१ मध्ये लोकांसाठी खुला केला. नोंदवलेल्या वस्तू सात हजारांवर होत्या: पुस्तकांतून फाडलेली पानं, चुरगळलेले फोटो, स्वतः कापून टाकलेले कॅनव्हास. ही यादी नीट बघा. हे जवळजवळ सगळं त्याचं चित्रांचं साहित्य आहे. त्याचे व्यवहार सांभाळायला एक मोठी गॅलरी होती. गुरुवारपर्यंत पुस्तकाच्या कण्याचं (पाठीच्या पट्टीचं) माप पाठवा म्हणणारा प्रकाशक त्याच्या मागे नव्हता. तुमच्या टेबलावर चित्रांचं साहित्य आणि तुमची कचेरी एकावर एक पडलेली आहेत. बेकनचं नाव घेऊन फक्त पहिल्या अर्ध्याचं समर्थन होतं.

म्हणून माझा सल्ला असा, की या रविवारी आवरू नका. टेबल वाचा. आधी वरून एक फोटो काढा. मग एकेक वस्तू हातात घ्या आणि एकच गोष्ट विचारा: ही इथे कुणासाठी थांबली आहे? ‘हे काय आहे’ असं विचारलं की ब्रश ब्रशांत, कागद कागदांत, बिलं बिलांत जातात, आणि एकाच कामाचे चार तुकडे चार ठिकाणी होतात. तुमचं रफ बहुधा असंच गेलं असणार, कारण ते इतर रफांत ठेवलेलं होतं. ‘कुणासाठी’ विचारलं की उत्तरं मोजकीच येतात. माझ्या हातासाठी थांबलंय. दुसऱ्या कुणाच्या उत्तरासाठी थांबलंय. पैशासाठी थांबलंय. किंवा कुणासाठीच नाही, काम संपलंय.

पहिल्यांदा असं करणाऱ्याला धक्का बसतो तो दुसऱ्या उत्तराचा. मी पाहिलेल्या बहुतेक टेबलांवर सर्वांत मोठा ढीग दुसऱ्यांच्या उत्तरांची वाट बघणाऱ्या गोष्टींचा निघाला. बसणारा माणूस मात्र तो ढीग आपल्या आळसाचा समजून वर्षानुवर्षं मनाला लावून घेत असतो.

एका मुखपृष्ठाचं उदाहरण घेऊ. कादंबरी आहे, २४० पृष्ठांची. म्हणजे सोळा पृष्ठांचा एक फर्मा (एकत्र छापून दुमडलेला भाग) धरला तर पंधरा फर्मे, आणि दोन बाजूंचे कागद १२०. ७० जीएसएम (कागदाचं वजन) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा नेहमीचा कागद, वापरला तर कणा साधारण ११ मिलिमीटरचा येईल. प्रकाशकाने फुगीर, पिवळसर कागद घ्यायचं ठरवलं तर तोच कणा १५-१६पर्यंत जातो. चित्र समोरून मलपृष्ठापर्यंत सलग असेल तर या चार-पाच मिलिमीटरने सगळी रचना सरकते. झाडाचं खोड नेमकं घडीवर येतं, नाहीतर शीर्षकाचं शेवटचं अक्षर कडेला टेकतं. म्हणजे कागद ठरल्याशिवाय मला फायनल करता येत नाही. कागद ठरत नाही, कारण किंमत ठरलेली नाही. किंमत ठरत नाही, कारण प्रस्तावना यायची आहे आणि ती आठ पृष्ठं खाणार की सोळा, हे कुणालाच माहीत नाही. मलपृष्ठावरचा मजकूर लेखकाला स्वतः बघायचा आहे आणि लेखक गावी गेला आहे. आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा, बारकोड यायचाय.

या काळात टेबलावर काय पडलेलं असतं? पेन्सिलचं रफ. त्यावर चिकटवलेला बटर पेपर आणि त्यावर संपादकाच्या लाल शाईतल्या सूचना. कागदाचे दोन नमुने. कण्याच्या मापाची कापून बघितलेली पट्टी. शीर्षकाच्या अक्षरांचे तीन प्रकार. डमी, म्हणजे पुस्तकाची नमुन्याची प्रत. घरच्यांना हा पसारा दिसतो. खरं तर हे एक काम आहे, आणि ते चार माणसांच्या उत्तरांसाठी थांबलं आहे. अशी चार-पाच कामं एकदम चालू असली की टेबल दिसेनासं होणारच.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. थांबलेल्या प्रत्येक कामाला एक मोठं पाकीट करा, ए४ कागद न दुमडता जाईल असं. त्या कामाचं सगळं त्याच पाकिटात: रफ, नमुने, पट्टी, डमी. पाकिटावर पुस्तकाचं नाव, आणि खाली ठळक अक्षरांत कुणाकडून काय यायचंय आणि शेवटचं विचारलं ती तारीख. ‘प्रकाशक: कागद. १२ जुलैला फोन केला.’ एवढंच. पाकिटं फळीवर उभी ठेवा. जपानी अर्थतज्ज्ञ युकियो नोगुची यांची एक पद्धत मी इथे वापरतो: जे पाकीट काढलं ते परत ठेवताना नेहमी डाव्या टोकाला ठेवायचं. चालू कामं आपोआप डावीकडे राहतात आणि विसरलेली हळूहळू उजवीकडे सरकतात. महिन्यातून एकदा उजव्या टोकाची दोन-तीन पाकिटं बघितली की कुठलं काम मेलं आहे आणि कुठल्याला एक फोन पुरे आहे, हे कळतं.

पाकिटाने तुमची रफाची अडचणही सुटेल, पण एक सवय जोडावी लागेल. होकार आला की त्याच क्षणी, फोन खाली ठेवायच्या आधी, रफाच्या कोपऱ्यात ‘मंजूर’, कुणी केलं आणि तारीख लिहायची. मग मोबाइलवर फोटो काढून त्यांनाच पाठवायचा: ‘हे रफ आज मंजूर झालं, यावरून फायनल करते.’ यामुळे कागद हरवला तरी काम हरवत नाही. शिवाय पुढे ‘आम्ही हे म्हटलंच नव्हतं’ असं झालं तर दाखवायला काहीतरी राहतं.

माझ्या हातासाठी थांबलेल्या गोष्टींचं मात्र उलट आहे. त्या आवरू नका. स्वयंपाक चालू असताना कुणी ओट्यावरून मसाल्याचा डबा उचलून फडताळात ठेवत नाही, तसंच हे आहे. चित्र चालू असताना रंगाची पॅलेट, काठावर रंग तपासलेली कागदाची चिंधी, संदर्भाला उघडं ठेवलेलं पुस्तक, दोन ओले ब्रश, हे सगळं हाताच्या टप्प्यात असायला हवं. ती चिंधी जरा जवळून बघा. त्यावर निळ्याच्या सात-आठ छटा ओळीने असतात, कुठे पाणी जास्त, कुठे करडा मिसळलेला, आणि एकीपुढे छोटी टिकली. बाहेरच्याला तो कचरा. पण उद्या सकाळी तुम्हाला कालचंच आकाश पुढे रंगवायचंय, आणि पोस्टर कलर वाळला की छटा बदलते. ती टिकली हरवली तर सकाळचा पहिला तास गेला. मी तर चित्र संपल्यावर ती चिंधी मूळ चित्राच्या पाठीला टाचून ठेवतो. पुढच्या आवृत्तीत छपाईला रंग हलला की तीच कामाला येते.

फक्त असं जिवंत पसरलेलं काम एका वेळी एकच असू द्या, फार तर दोन. दोन कामांची पॅलेट आणि रफं एकमेकांत मिसळली की डोकंही मिसळतं. मध्येच दुसरं तातडीचं काम आलं तर पहिलं एका मोठ्या पुठ्ठ्यावर किंवा ट्रेमध्ये जसंच्या तसं उचलून बाजूला ठेवा. जेवणाचं टेबल वापरणाऱ्यांनाही हाच उपाय आहे. काम टेबलावर न मांडता पहिल्यापासून पुठ्ठ्यावर मांडायचं, म्हणजे रात्री उचलताना काही मोडत नाही.

पैशासाठी थांबलेल्या गोष्टी थोड्या असतात, पण सर्वांत जास्त टोचतात. आणि म्हणूनच त्या ढिगाच्या तळाशी जातात. न पाठवलेलं बिल, पाठवलेलं पण न मिळालेलं बिल, कुणीतरी ‘अंक निघाल्यावर देऊ’ म्हटलेलं मानधन. हे कागद रंगांच्या टेबलावर ठेवूच नका, त्यांची फाइल दुसऱ्या खोलीत असू दे. काम पाठवलं त्याच दिवशी बिल पाठवा. पैसे टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापून आले तर तो आयकर खात्याच्या तुमच्या नावावरच्या नोंदीत दिसतोय का हे तपासा, नाहीतर तेवढे पैसे गेल्यातच जमा. आणि छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम पोर्टलवर नोंदणी करून घ्या, ती विनामूल्य आहे. नोंदलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. छोट्या प्रकाशकाशी आपण कायद्याच्या भाषेत बोलत नाही, बोलूही नये. पण बिलाच्या खाली उद्यम क्रमांक असला की आठवणीचा फोन करताना आवाज चाचरत नाही.

संपलेल्या कामाचं बोलतो, कारण तिथे आपली माणसं फार नुकसान करून घेतात. मूळ चित्रं ढिगात वाकतात. पावसाळ्यात कागद दमट होतो, गठ्ठ्यात दाबलेल्या दोन चित्रांचे रंग एकमेकांना चिकटतात, बुरशीचे ठिपके पडतात. छपाई झाली की मूळ चित्र परत मागा. मिळालं की स्कॅन करा, मध्ये बटर पेपर घालून सपाट ठेवा. ज्या चिठ्ठीवर किंवा मेलवर मानधन आणि वापर ठरला, त्याची प्रतही त्याच्याच सोबत ठेवा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ असं सांगतं, की कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन पेंटिंग केलं असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा. तुमच्या बाजूने जे ठरलं असेल ते लेखी असायला हवं, ते यासाठी. हक्क तुमच्याकडे असतील आणि तुम्ही ते लिहून दिले, पण मुदत लिहिली नाही, तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. आठ वर्षांनी त्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर निघतं आणि तेच चित्र वापरायचं ठरतं, तेव्हा त्या एका कागदावर सगळं अवलंबून असतं.

तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही, पण प्रश्नामागे मला ती जाणवते: डोळ्याआड केलं तर विसरेन, ही भीती. ती खरी आहे. १९८३ मध्ये थॉमस मलोन या संशोधकांनी कचेऱ्यांतली टेबलं पाहून मांडलं होतं, की लोक कागद ढिगात ठेवतात ते फक्त शोधायला सोपं जावं म्हणून नाही, तर आठवण राहावी म्हणून. ढीग समोर आहे म्हणजे काम बाकी आहे. म्हणून नुसतं आवरलं की मन बेचैन होतं आणि बुधवारपर्यंत आपण सगळं पुन्हा बाहेर काढतो. त्या आठवणीला दुसरी जागा दिल्याशिवाय टेबल मोकळं राहणार नाही. माझ्यासमोर भिंतीवर एक फळा आहे. त्यावर चालू कामांची नावं, प्रत्येकापुढे पुढची एकच पायरी आणि ती कुणाच्या हातात आहे ते. टॅबवर काम करणाऱ्यांनाही हा फळा लागतो. फाइलींचा ढीग दिसत नाही एवढंच, तो असतोच. त्यांनी फाइलच्या नावात वर्ष-महिना, पुस्तकाचं नाव आणि रफ, मंजूर, छपाई यांपैकी एक शब्द घालावा.

या फळ्याचा घरातही उपयोग होतो. ‘टेबल आवर’ म्हणणाऱ्या माणसाला आपलं काम दिसत नसतं, त्याला कागद दिसतात. सहा ओळींपैकी चार ओळींपुढे दुसऱ्यांची नावं आहेत, हे वाचलं की बोलण्याचा सूर बदलतो. माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलीच्या सासूबाई आता तो फळा वाचून तिला विचारतात, ‘त्या नाशिकच्या माणसाचा फोन आला का गं?’

राहिला कपाटाचा प्रश्न. आत्ता घेऊ नका. आधी दोन महिने पाकिटं आणि फळा चालवून बघा. त्यानंतर जे उरेल ते मुख्यतः मूळ चित्रं आणि कोरे कागद असतील, आणि त्यांना उंच कपाट उपयोगाचं नाही, कारण उभा ठेवलेला कागद वाकतो. सुताराकडून उथळ, रुंद ड्रॉवर करून घ्या. आतली जागा ए२ कागद मोकळा बसेल अशी, म्हणजे ४२ बाय ५९.४ सेंटिमीटरला चारी बाजूंनी दोन बोटं जास्त, आणि खोली दोन-तीन इंचांपेक्षा जास्त नको. खोल ड्रॉवरमध्ये पुन्हा ढीगच होतो. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ओल येते. जमिनीपासून चार इंच वर असू द्या, आणि वरचा भाग सपाट ठेवायला सांगा, म्हणजे अर्धवट चित्राचा पुठ्ठा तिथे ठेवता येईल.